बाकावरची पंधरा मिनिटं

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांना पाठीमागे सगळे भोंगा म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि पाठीमागे म्हणतानाही आम्ही आधी दार लावून घ्यायचो. इंजेक्शनच्या खोलीतून त्या "पुढचा" म्हणाल्या की रस्त्यापलीकडे दुकानाच्या रांगेत उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे सरकायचा. बाई मनाच्या मात्र फार चांगल्या. हात इतका हलका की लहान मूल रडायचं ते आवाजाला घाबरून, सुईचा त्याला पत्ताच नसायचा.

मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर बसते. नाव, वय, पत्ता, काय होतंय, एवढं विचारायचं आणि कागद पुढे सरकवायचा. सोळा वर्षं हेच करतेय. माझ्या खिडकीतून समोरचा व्हरांडा दिसतो, भिंतीलगतचा एकुलता एक लांब बाक दिसतो आणि सात नंबरच्या खोलीचं दार दिसतं. त्यामुळे ही हकिगत मला पहिल्यापासून ठाऊक आहे. जे दिसलं नाही ते सिस्टरांनी स्वतः सांगितलं, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकू आलं नाही असं आजवर कुणाचं झालेलं नाही.

सात नंबरमध्ये गुप्तरोगाची तपासणी होते. पण माझ्या खिडकीशी येऊन कुणी तसं म्हणत नाही. "काय होतंय?" विचारलं की माणूस छताकडे बघतो आणि "डोकं दुखतंय" म्हणतो. ज्याचं खरंच डोकं दुखतं तो छताकडे बघत नाही, तो डोकं धरतो. हे कळायला मला पहिली दोन वर्षं लागली. त्यानंतर छताकडे बघणाऱ्याच्या कागदावर मी गुपचूप साताचा आकडा घालायला लागले.

पूर्वी तिथे घेतलेलं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत जायचं आणि दहा दिवसांनी निकाल यायचा. तोवर माणूस गायब झालेला असायचा. पत्ते खोटे, फोन नंबर खोटे. एका वर्षी एकाच पत्त्यावर राहणारे अकरा जण आमच्या वहीत होते. शिपाई निकाल घेऊन गेला तेव्हा कळलं की तो पत्ता पोलीस चौकीचा आहे. न नेलेले निकाल एका कपाटात साठत होते, आणि ते कपाट उघडायला डॉक्टरीणबाईंना मनापासून नको वाटायचं. त्या आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झाली होती. वय लहान, बोलणं मऊ, पण एकदा ठरवलं की मागे हटायच्या नाहीत.

मग एक दिवस झटपट तपासणीची खोकी आली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना सात नंबरमध्ये गोळा केलं आणि एक बोटभर लांबीची पांढरी पट्टी दाखवली. बोटाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब इथे, औषधाचे दोन थेंब तिथे, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेष उमटली तर काही नाही. दोन उमटल्या तर सिफिलिस. त्याच दिवशी इंजेक्शन सुरू. पेशंट दारातून बाहेर पडायच्या आत निकाल त्याच्या हातात.

"आधी आपण सगळे आपापली करून घेऊ," त्या म्हणाल्या. "लोकांना पंधरा मिनिटं बसवायचं असेल तर ती कशी जातात हे आपल्याला माहीत हवं."

खोलीत एकदम सगळ्यांना कामं आठवली. कंपाउंडर म्हणाले, "माझं रक्त गेल्याच वर्षी तपासलंय."

"कशासाठी?"

"रक्तगटासाठी."

त्यांना बोट पुढे करावंच लागलं. नंतर ते बाहेर बाकावर येऊन बसले, अगदी माझ्या समोर. चाळीस वर्षांचा सुखाचा संसार, तीन नातवंडं, चालताना जमिनीवरून नजर न उचलणारा माणूस. आठव्या मिनिटाला ते उठून माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "तरुणपणी एकदा मी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेलो होतो." मी काहीही विचारलेलं नव्हतं. "प्रशिक्षणच होतं," ते म्हणाले, आणि परत जाऊन बसले. एक रेष आली तेव्हा त्यांनी पट्टी कागदात गुंडाळून खिशात घातली, घरी दाखवायला. डॉक्टरीणबाईंनी ती परत काढून घेतली आणि कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली.

आमची तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती. हात सर्वांत हलका म्हणून तपासणीचं काम मोठ्या सिस्टरांकडे आलं. आवाजाचा विचार त्या वेळी कुणाच्याच मनात आला नाही.

पहिल्या दिवशी पहिला आला तो केस कापायच्या दुकानाचा मालक. डोकं दुखतंय म्हणाला, मी सात लिहिलं. त्याने रक्त दिलं, पंधरा मिनिटं बाकावर डोळे मिटून बसला, मग सिस्टरांनी त्याला आत घेतलं, दार लावलं, आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात सांगितलं, "घाबरायचं काही कारण नाही हो. सिफिलिस नाही तुम्हाला. एकच रेष आहे."

व्हरांड्यात तेव्हा वीस-बावीस माणसं होती. तो बाहेर आला तेव्हा खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून "सुटलास बाबा" म्हटलं. बातमी चांगली असूनही तो माणूस मान खाली घालून गेला, आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्या दुकानात म्हणे गिऱ्हाईक त्याच्याकडे आरशातून जरा वेगळ्याच नजरेने बघत होतं.

त्यानंतर लोक रक्त द्यायचे आणि निकालाची वाट न बघता काढता पाय घ्यायचे. पट्ट्या तयार व्हायच्या, माणसं नसायची. पहिल्या आठवड्यात एकोणीस तपासण्या झाल्या आणि निकाल घ्यायला थांबले चार. पूर्वी निकाल दहा दिवसांनी वाया जायचा, आता पंधरा मिनिटांत वाया जायला लागला, एवढीच काय ती प्रगती.

त्याच आठवड्यात ती मुलगी आली. पहिलटकरीण, चौथा महिना. गावाबाहेरच्या धुलाई कारखान्यात कामाला होती, जेवणाच्या सुट्टीत धावतपळत आली होती. नवा नियम होता की प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी करायचीच, कारण आईला हा आजार असेल आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततं. तिने बोट टोचून घेतलं आणि बाकाच्या टोकाला बसली. सहा मिनिटं बसली असेल. तेवढ्यात आतून सिस्टर दुसऱ्या कुणाला तरी सांगत असल्याचं सगळ्यांनी ऐकलं, "इंजेक्शन तुम्हाला आणि बायकोला, दोघांना घ्यावं लागेल. उद्या तिला घेऊनच या."

सगळ्यांच्या नजरा दारावर खिळल्या. दार बराच वेळ उघडलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्या गृहस्थाला मागच्या बाजूने, औषधांच्या कोठीतून बाहेर काढलं. मी पुन्हा बाकाकडे पाहिलं तर ती मुलगी नव्हती. तिच्या पट्टीवर दोन रेषा आल्या होत्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सिस्टरांना बसवून सांगितलं. ओरडल्या नाहीत, पण शब्द जपून वापरत होत्या, आणि तेच जास्त लागतं.

"सिस्टर, तुम्ही जरा हळू बोलायला हवं."

"मी हळूच बोलते," सिस्टर म्हणाल्या. बाहेर झाडू मारणारी बाई थांबून आत बघायला लागली.

"बघितलंत?"

सिस्टरांनी बघितलं. मग त्यांचा चेहरा पडला. "तीस वर्षं झाली हो," त्या म्हणाल्या. "आमचे हे लोखंडी पिंपं बनवायच्या कारखान्यात होते. दिवसभर पत्र्यावर घण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कान गेले. घरात तीस वर्षं ओरडून बोलतेय. आता माझ्या घशाला दुसरा रस्ताच माहीत नाही."

"घरीच सराव करा मग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आधी ती मुलगी."

मुलीने फोन नंबर खरा दिला होता, पण तो सासूबाईंचा निघाला. सिस्टरांनी फोन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. "तुमच्या सूनबाईंना दवाखान्यात पाठवा," सिस्टर म्हणाल्या. तिकडून "का, काय निघालं?" आलं. सिस्टर सुचलं ते बोलल्या, "लोहाच्या गोळ्या न्यायच्या राहिल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी सासूबाई स्वतः दारात हजर. "सुनेला कशाला हेलपाटा," म्हणाल्या. "द्या, मी नेते." गोळ्या घेतल्या, खिडकीशी उभं राहून एकेक मोजल्या, सुनेला दूध किती द्यावं हे मला दहा मिनिटं विचारलं, आणि गेल्या. बाई प्रेमळ होत्या. त्यामुळेच तर सगळी पंचाईत.

मग सिस्टर म्हणाल्या, "मी कारखान्यातच जाते. तू चल बरोबर. माझा आवाज चढला तर मला चिमटा काढ."

आम्ही दुपारी गेलो. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायचा तो कारखाना. आत पाऊल टाकलं आणि मी चिमट्याचा विचार सोडून दिला. खोलीएवढाली यंत्रं गरगरत होती, वाफ सुटत होती, जमीन पायाखाली थरथरत होती. मुकादम बाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून काहीतरी म्हणाली, आणि मला फक्त तिचे दात दिसले. सिस्टरांनी मात्र तिला शांतपणे म्हटलं, "आम्ही सरकारी दवाखान्यातून आलोय, गरोदर बायकांचं वजन विचारायचंय," आणि तिला ते नीट ऐकू गेलं. आयुष्यात पहिल्यांदा सिस्टरांचा आवाज जागेच्या मापाचा झाला होता.

ती मुलगी शेवटच्या कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत होती. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, समोरून कुणीतरी दुसरं टोक धरावं लागतं. तिची जोडीदारीण पाणी प्यायला गेली होती. सिस्टरांनी चटकन दुसरं टोक उचललं. मी दारात उभी राहून बघत होते. दोघी चादर ताणून धरायच्या, मग घडी करत एकमेकींजवळ यायच्या, टोकाला टोक भिडायचं, सिस्टर तिच्या कानाशी काहीतरी सांगायच्या, आणि पुन्हा नवी चादर घेऊन दोघी लांब जायच्या. मला सारखी धाकधूक, की नेमकी आता यंत्रं थांबणार आणि एखादं वाक्य अख्ख्या कारखान्यात घुमणार. यंत्रं थांबली नाहीत. अकरा चादरी झाल्या. चौथ्या चादरीला मुलगी जागच्या जागी थांबली. सहाव्या-सातव्याला तिने तोंड चादरीत लपवलं. नवव्याला ती काहीतरी विचारत होती. शेवटच्या घडीनंतर तिने डोळे पुसले आणि मान हलवली.

परतताना सिस्टर भर रस्त्यात सांगायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. दवाखान्यात आल्यावर औषधांच्या कोठीत, कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये बसवून दार लावलं, मग ऐकलं.

"म्हणाली, मी तर कधी काही केलं नाही. मी म्हटलं, तू काही केलंस असं कोण म्हणतंय? आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घे, बाळ सुखरूप राहील. मग म्हणाली, नवऱ्याला कसं सांगू? मी म्हटलं, आत्ता काहीच सांगू नको. गरोदर बायकांच्या नवऱ्यांचंही रक्त तपासतात, एवढं सांग आणि चिठ्ठी दे. खोटं नाही ते."

शनिवारी मुलगी आली, पहिलं इंजेक्शन घेऊन गेली. सासूबाईंना सांगितलं होतं, लोहाचं आहे.

इकडे सिस्टरांनी घरी हळू बोलायचा सराव मनावर घेतला. त्यांना वाटलं, कुजबुजायचं म्हणजे तोंडावर हात धरून बोलायचं. त्या तसंच करायला लागल्या. सकाळी हात धरून "चहा झालाय", रात्री हात धरून "दिवा मालवा". तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडल्यावर माझ्या खिडकीशी एक उंच, दणकट म्हातारे गृहस्थ आले.

"काय होतंय?" मी विचारलं.

त्यांनी छताकडे बघितलं नाही. त्यांनी थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. "कान गेले," ते म्हणाले. "पूर्ण. तीन दिवसांपासून बायको बोलते आणि मला काहीच कळत नाही. आणि ती काहीतरी लपवतेय, किंवा मी मरणार आहे आणि ती सांगत नाही. दोन्हीतलं एक."

ते सिस्टरांचे यजमान होते. डॉक्टरीणबाई रिकाम्या होईपर्यंत त्यांना बाकावर बसवलं. त्यांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि बाकाच्या बरोबर मध्यभागी पाय पसरून बसले. गेले कित्येक दिवस त्या बाकाच्या फक्त टोकांवर लोक बसायचे, तेही अर्धं बूड टेकवून. मध्यभागी कुणीतरी असं ऐसपैस, वर्तमानपत्र वाचत बसलेलं बघून रक्त देऊन आलेले तिघे जरा घुटमळले, आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी तिघांनीही निकाल नेला.

डॉक्टरीणबाईंनी काकांचे कान तपासले. कान जसे होते तसेच होते, म्हणजे जवळजवळ नव्हतेच. मग त्यांना काहीतरी शंका आली. त्यांनी केसपेपर तोंडासमोर धरून मोठ्याने विचारलं, "काका, जेवण झालं का?" काका ढिम्म. मग कागद बाजूला करून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "काका, जेवण झालं का?"

"अजून नाही," काका म्हणाले. "अकराच तर वाजलेत."

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तुम्ही ओठ वाचता?" त्या म्हणाल्या.

"कारखान्यात सगळेच वाचायचे. तिथे दुसरं काय करणार?"

"अहो, तीस वर्षं मी घसा फोडतेय. मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस कधी," काका म्हणाले. "आणि मला वाटायचं, तुला आवडतं."

सिस्टर त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशीच बोलल्या नाहीत. दवाखान्यात इतकी शांतता होती की लोक आत डोकावून विचारायचे, आज सुट्टी आहे का.

डॉक्टरीणबाईंनी मात्र बाकावरचा फरक हेरला होता. त्यांनी काकांना विचारलं, रोज सकाळी दोन तास येऊन बसाल का, नुसतं. काका निवृत्त होऊन कंटाळले होते. दुसऱ्या दिवसापासून ते वर्तमानपत्र घेऊन यायला लागले. कंपाउंडर येताजाता सगळ्यांना सांगायचे, "त्यांना ऐकू येत नाही." ओठांची गोष्ट कंपाउंडरांना कुणी सांगितली नव्हती. आणि काय आश्चर्य, माणसं त्यांच्याशी बोलायला लागली. जे डॉक्टरला सांगायचे नाहीत, मला तर नाहीच नाही, ते त्या म्हाताऱ्याकडे वळून सांगायचे. काका अधूनमधून वर्तमानपत्रावरून बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा वाचायला लागायचे.

सोमवारी त्या मुलीचा नवरा आला. टेम्पो चालवायचा. चिठ्ठी माझ्यासमोर आपटून म्हणाला, "गरोदर ती आहे, रक्त माझं कशाला?"

"नियम आहे, दादा," मी म्हटलं.

बोट टोचून घेऊन तो बाहेर आला आणि काकांच्या शेजारी बसला. "काका, तुम्ही पण?" म्हणाला. काका वाचत होते. कंपाउंडर जाता जाता नेहमीचं वाक्य म्हणाले. टेम्पोवाल्याने सुस्कारा टाकला, दोन मिनिटं पाय हलवत बसला, मग काकांकडे तोंड करून बोलायला लागला. माझ्या खिडकीला काच आहे म्हणून लोकांना वाटतं मला ऐकू येत नाही. त्या काचेला खाली कागद सरकवायला हातभर फट आहे.

"लग्नाआधीची गोष्ट आहे," तो म्हणाला. "लांबच्या फेऱ्या करायचो तेव्हा. एकदा जखम झाली होती, आपोआप बरी झाली. मी विसरून गेलो. आता मला समजतंय ते कशाचं होतं. ती परवा शनिवारपासून काही बोलत नाही, नुसती बघते. तिला इंजेक्शन दिलंय, लोहाचं म्हणतात, पण लोहाचं इंजेक्शन घेऊन कुणी रडत नाही. मी ठरवलंय. माझ्यातही निघालं तर म्हणायचं, तुझ्यामुळेच मला झालं. तेच बरं. नाहीतर ती माहेरी जाईल आणि आई मला घराबाहेर काढेल."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "असं करू नको," ते म्हणाले.

टेम्पोवाला पांढराफटक पडला. "तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही. दिसतं."

तो ताडकन उठला. काकांनी बसल्या जागेवरूनच त्याचं मनगट धरलं. तीस वर्षं पिंपं उचललेला हात तो. "अजून सहा मिनिटं आहेत," काका म्हणाले. "बस."

तो बसला.

"बायकोला तूच सांग. आजच. खरं तेच सांग. तिला सगळं कळून चुकलंय, फक्त तू काय बोलतोस ते ती बघतेय. आणि तुझं तू सांगितलं नाहीस, आणि आत माझी बायको बसलीय तिला सांगावं लागलं, तर मग तुझ्या हातात काही राहणार नाही."

नेमकं तेव्हाच सात नंबरमधून "पुढचा" आलं. खिडकीची काच थरथरली. टेम्पोवाला दाराकडे बघतच राहिला.

सहा मिनिटांनी त्याला आत बोलावलं. मी कान टवकारले. काही ऐकू आलं नाही. काचेच्या फटीशी कान नेला, तरी नाही. सिस्टर बोलत होत्या हे दाराच्या जाळीतून दिसत होतं, पण आता घरी काकांशी बोलतात तसे नुसते ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झाला. तो बाहेर आला तेव्हा लंगडत होता. ते इंजेक्शन दाट असतं आणि दोन्ही कुल्ल्यांवर घ्यावं लागतं. नंतर अर्धा तास थांबवून ठेवतात, काही त्रास होतो का बघायला. त्याला बसता येईना. तो अर्धा तास काकांच्या समोर उभा राहिला, आणि काकांनी त्याला खेळांचं पान वाचून दाखवलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी काकांना बोलावून घेतलं. "लोक समजतात तुम्हाला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे बरोबर नाही. त्यांना आधी सांगायला हवं." काकांना पटलं. कंपाउंडरांना त्यांचं वाक्य बदलायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाकावर कुणी येऊन बसलं की काका आधी सांगायचे, "मला ऐकू येत नाही, पण तोंड दिसलं तर कळतं. बोलायचं असेल तर भिंतीकडे बघून बोला." आम्हाला वाटलं, आता सगळं बंद पडणार. पण लोक काकांच्या शेजारी बसून भिंतीशी बोलायला लागले. काका पान उलटायचे आणि मधूनच, काही न कळता, "होईल बरं" म्हणायचे.

महिन्याभराने वरचे साहेब तपासणीला आले. एकोणीसपैकी चारवरून बावन्नपैकी सत्तेचाळीसवर आकडा कसा गेला, हे त्यांना समजेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाकावर एक गृहस्थ बसतात."

"कोणत्या पदावर?"

"कोणत्याच नाही. नुसते बसतात."

साहेबांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं, मग वहीत "प्रतीक्षा व्यवस्था सुधारली" असं लिहिलं आणि बाकाला रंग द्यायची शिफारस केली. रंग आला, तो ओला असताना तीन दिवस कुणालाच बसता आलं नाही, आणि त्या आठवड्याचा आकडा पुन्हा घसरला.

त्या मुलीचं काय झालं ते सांगते. दुसऱ्या इंजेक्शनला ती एकटीच आली. सिस्टरांनी विचारलं, हळूच विचारलं, मी खिडकी सोडून मुद्दाम दाराशी गेले म्हणून मला कळलं.

"सांगितलं त्याने?"

"सांगितलं. सोमवारीच. उभ्याउभ्याच सांगितलं, बसता येत नव्हतं त्याला."

"मग?"

"त्याचा स्वयंपाक त्याने करायचा, एवढंच म्हटलं. सासूबाई विचारतात, असं का. मी म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय, लोह कमी आहे. रोज करपवतो."

तिसऱ्या इंजेक्शनला दोघं आले. ती बाकाच्या एका टोकाला बसली, तो दुसऱ्या. मध्ये काका आणि त्यांचं वर्तमानपत्र. आतून हाक येईपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही. निघताना त्याने तिची पिशवी उचलली, तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली, दारापर्यंत गेली आणि तिथे पुन्हा त्याच्या हातात दिली.

पाच महिन्यांनी मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, रक्त तपासलं, पुन्हा तीन महिन्यांनी तपासलं. ठणठणीत आहे. लसीला आणतात तेव्हा सासूबाई बरोबर असतात. आमच्याकडच्या लोहाच्या इंजेक्शनांची त्या वस्तीभर तारीफ करत असतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून आलेल्या चार गरोदर बायकांना आम्ही खरंखुरं काय ते समजावून तपासलं.

मागच्या वेळी टेम्पोवाला बाहेर गाडीपाशी थांबला होता. मी त्या मुलीला केसपेपर देताना विचारलं, "कसं चाललंय घरी?"

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आता करपत नाही," ती म्हणाली. "मीठ अजून जास्त पडतं."

मी तारीख घालून कागद पुढे सरकवला.